तापीकाठचे दाराशा

काश्मीरच्या पलीकडे नंगा पर्वतापाशी हिमालय एकदम वळतो. आग्नेयेकडून वायव्येकडे सुमारे 2,400 किलोमीटर चालत आलेली ही रांग तिथं पोचल्यावर दक्षिणेकडे मुरडते आणि हजाऱ्याच्या डोंगरांत उतरते. ही मुरड कशी पडली, याचं पहिलं भरवशाचं उत्तर दाराशा नौशेरवान वाडिया यांनी दिलं. त्यांचा जन्म ऑक्टोबर 1883 मध्ये आमच्या सुरतेत झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. शिक्षण सुरतेत आणि बडोद्यात. परदेशी पदवी एकही नाही. पुढं रॉयल सोसायटीनं फेलो म्हणून निवडलेले ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक ठरले, देहरादूनच्या हिमालय संस्थेला त्यांचं नाव मिळालं आणि 1984 साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

मी सुरतेच्या गोडादऱ्यात राहतो. इथं वाडिया म्हटलं की लोकांना बॉम्बे डाइंग आठवतं, जुन्या पिक्चरच्या शौकिनांना वाडिया मूव्हीटोन. दाराशांचं नाव मी शाळेत काढून पाहिलं, टपरीवर काढून पाहिलं, गणेश मंडळाच्या बैठकीतही काढलं. कोणालाच ते ठाऊक नव्हतं. मला याचं वाईट वाटतं. गोडादऱ्यातल्या माणसांच्या पायाखालच्या जमिनीबद्दल, त्यांच्या नदीबद्दल आणि त्यांनी मागं सोडलेल्या शिवारांबद्दल ज्यांनी मूलभूत काही सांगितलं, त्यांत या माणसाचं नाव फार वरचं आहे.

गोडादरा सुरतेच्या पूर्व अंगाला आहे. एका बाजूला लिंबायत, दुसरीकडं डिंडोली, वर पर्वत पाटिया. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबं या पट्ट्यात राहतात. सकाळी महाराणा प्रताप चौकातून रिक्षा भरभरून माणसं रिंगरोडच्या कापड मार्केटात जातात. कोणी साड्यांच्या घड्या घालतं, कोणी पार्सलं बांधतं, कोणी लूमवर, कोणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर उभं राहतं. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, शाळेत मराठी. श्रावणात कानबाई बसते तेव्हा गल्लीच्या गल्ली जागी असते. सुरत ते भुसावळ हा जुना ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग आमच्या लोकांची नाळ आहे. ज्या नदीच्या वरच्या अंगाला त्यांची गावं, तिच्याच खालच्या अंगाला त्यांची भाड्याची खोली. मध्य प्रदेशात मुलताईला उगवून तापी 724 किलोमीटर वाहते, आणि तिच्या काठानं खाली आलेली माणसं तिच्या मुखाशी वस्ती करून आहेत. लिंबायतच्या एका आजीबाईंना मी विचारलं की सुरत आपलीशी वाटते का. त्या म्हणाल्या, "तापी आपली माय शे. मग गाव परकं कसं?"

इथं बोअर मारायला मशीन आलं की बघ्यांची गर्दी होते. मीही उभा राहतो. आधी तपकिरी पोयटा येतो, मग पिवळी चिकण माती, तिच्यात चुनखडीचे बारीक खडे, मग वाळू, पुन्हा चिकणमाती, मध्येच गुळगुळीत गोटे. कातळ मात्र लागत नाही. खानदेशातून नवीन आलेल्या माणसाला याचं नवल वाटतं, कारण त्याच्या गावी विहीर खणताना मुरूम गेला की काळा पत्थर आणि मग सुरुंग, हा क्रम ठरलेला. गोडादऱ्यात निघणारा तो सगळा गाळ तापीनं आणलेला आहे, म्हणजे त्यातला बराचसा धुळे-जळगावच्या डोंगरांचाच भुगा. हे सांगितल्यावर मशीनजवळ उभ्या असलेल्या एका निवृत्त लूम कामगारानं वाकून ओली माती उचलली, बोटांत चोळली आणि विचारलं, "ही आमच्या शिंदखेड्याची म्हणायची का?"

त्याच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येत नाही, पण तापीबद्दल वाडियांनी काय लिहिलं ते सांगता येतं. भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. नर्मदा आणि तापी मात्र पश्चिमेला, सातपुड्याच्या दोन अंगांनी, जवळजवळ सरळ रेषेत. वाडियांनी आपल्या 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' या पुस्तकात मांडलं की या दोन्ही नद्यांनी आपली खोरी स्वतः कोरलेली नाहीत. भूकवच तिथं आधीच भेगाळून खचलेलं होतं आणि नद्यांनी त्या तयार खाचा बळकावल्या. हिमालय उभा राहत असताना द्वीपकल्पाचा उत्तर भाग दबला, वाकला आणि तेव्हा त्या खाचा पडल्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या संशोधनानं यात दुरुस्ती केली. नर्मदेच्या बाजूच्या भेगा हिमालयापेक्षा फार जुन्या आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा हलल्या आहेत, असं आता मानलं जातं. पण तापी हे खचलेलं खोरं आहे, ही गोष्ट पक्की राहिली. 14 मार्च 1938 ला सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचं मूळ याच पट्ट्यातलं. चोपडा-यावल-रावेरची केळी ज्या खोल गाळाच्या जमिनीवर उभी आहे, ती जमीनही त्या खचण्यामुळंच साठली.

वाडियांचं घराणं लवजी नसरवानजी वाडियांच्या जहाजबांधणीच्या कुळातलं. लवजी मूळचे सुरतेकडचे. अठराव्या शतकात ते मुंबईला गेले, गोदी बांधली, आणि पुढच्या पिढ्यांनी सागवानाची अशी जहाजं बांधली की 1817 सालचं त्रिंकोमाली अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगतं आहे. ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला तेही वाडियांच्याच हातचं. दाराशांच्या वाट्याला यातलं वैभव आलं नव्हतं. वडील बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या एका लहान स्टेशनावर मास्तर होते. भावंडं नऊ, त्यांत दाराशा चौथे. स्टेशनच्या गावी धड शाळा नाही, म्हणून आईवडिलांनी मुलांना सुरतेत आजीकडं ठेवलं. दाराशा आधी एका खासगी गुजराती शाळेत गेले, मग सर जे. जे. इंग्लिश स्कूलमध्ये.

ही हकिकत वाचताना मला आमची गल्ली दिसली. माझ्या शेजारी एक जोडपं आहे, शहाद्याकडचं. नवरा लूमवर, बायको साड्यांना लेस लावते. थोरली मुलगी गावी आजीकडं शिकते, धाकटा इथं महापालिकेच्या मराठी शाळेत. पुढच्या वर्षी कोण कुठं, हा विषय त्यांच्या घरात रोज रात्री निघतो. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा कितीतरी भाषांत चालतात, ही या शहराची मोठी गोष्ट आहे. पोटासाठी आईबाप एका गावी आणि शाळेसाठी पोर दुसऱ्या गावी, ही ताटातूट मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पारशी स्टेशनमास्तराच्या घरात होती तशीच आजही आहे. वाडियांना आजी मिळाली. आणि मोठा भाऊ मिळाला.

मंचेरशा वाडिया हे बडोदा संस्थानातले नावाजलेले शिक्षणतज्ज्ञ. दाराशा अकरा वर्षांचे असताना कुटुंब बडोद्याला गेलं आणि धाकट्या भावाला निसर्गाकडं बघायची गोडी लावण्याचं काम मंचेरशांनी केलं. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं वेळेवर लक्ष घातलं, तर मुलाचं आयुष्य कुठल्या कुठं जातं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही. बडोदं तेव्हा सयाजीराव गायकवाडांचं. शिक्षणावर पैसा आणि मन दोन्ही खर्च करणारा राजा. बडोदा कॉलेजात अरविंद घोष इंग्रजी शिकवत होते त्याच काळात दाराशा तिथं विज्ञान शिकत होते. निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक अदरजी मसानी यांनी त्यांना घडवलं. 1903 मध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन ते बी.एस्सी. झाले, 1905 मध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र घेऊन पुन्हा, आणि 1906 मध्ये एम.ए. भूशास्त्र शिकायला हाताशी होतं ते कॉलेजातल्या खडकांच्या लहानशा संग्रहाचं कपाट आणि भोवतालचा मुलूख.

1907 मध्ये तेविसाव्या वर्षी ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. कॉलेज नवंच होतं, महाराजा प्रतापसिंहांच्या संस्थानातलं. इंग्रजीचे तासही त्यांच्याकडं होते. मुंबई, कलकत्ता, लाहोर या विद्येच्या पेठांपासून लांब असलेल्या या गावी ते चौदा वर्षं राहिले. एखादा तरुण तिथं कंटाळून बदलीची वाट बघत बसला असता. वाडियांनी उलट केलं. जम्मू शहर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी आहे, म्हणजे हिमालयाच्या उंबऱ्यावर. सुट्टी लागली की ते डोंगरात जात. विद्यार्थ्यांना बरोबर नेत. दगड, खनिजं, जीवाश्म गोळा करून कॉलेजचं संग्रहालय भरत.

अशाच एका सहलीत शिवालिकच्या थरात एक सुळा दिसला. स्टेगोडॉन गणेसा नावाच्या, हत्तीच्या कुळातल्या नष्ट झालेल्या प्राण्याचा. हे नाव फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात ठेवलं होतं, आपल्या गणपतीवरून. सुळा जवळपास दहा फूट लांब, सोबत कवटीचा तुकडा. असा जीवाश्म काढणं किती नाजूक काम असतं याची कल्पना करा. भोवतालचा वाळूखडक थोडा थोडा खरवडायचा, सुळ्याला तडे जाऊ द्यायचे नाहीत, आणि मग दहा फुटांची ती वस्तू डोंगरातून खाली गावात आणायची. तो सुळा कॉलेजच्या संग्रहालयात मांडला गेला. विद्यार्थ्यांना भूशास्त्र फळ्यावर शिकवता येतं. पण लाखो वर्षांपूर्वीचं जनावर ज्या पोरानं स्वतःच्या हातानं मातीतून मोकळं केलं, त्याला काळ म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

जम्मूतच त्यांनी पुस्तक लिहिलं. भारताच्या भूशास्त्रावर मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा मोठा ग्रंथ होता, 1879 सालचा, ओल्डहॅमनी 1893 मध्ये सुधारलेला. तो जुना झाला होता आणि विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होता. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या अहवालांचे ढीग कलकत्त्यात होते, पण कॉलेजच्या मुलाला कोण देणार? वाडियांनी ते सगळं वाचून, आपल्या वर्गातल्या अनुभवातून गाळून एक पुस्तक केलं. 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' 1919 मध्ये लंडनच्या मॅकमिलननं काढलं. ते सुधारत सुधारत अर्धशतकाहून अधिक काळ चाललं आणि देशातल्या जवळजवळ प्रत्येक भूशास्त्रज्ञाचं पहिलं पुस्तक ठरलं. मला वाडियांच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती वाटते असं विचाराल तर मी नंगा पर्वताच्याही आधी या पुस्तकाचं नाव घेईन. आडगावच्या एका मास्तरानं आपल्या पोरांची अडचण ओळखली आणि तिच्यावर साऱ्या देशाला पुरेल असा तोडगा काढला.

1921 मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात असिस्टंट सुपरिंटेंडंट झाले. 1851 पासून चालत आलेलं हे खातं, वरच्या जागांवर बहुतेक गोरे. युरोपातली पदवी नसताना त्या पदावर घेतलेले ते पहिले भारतीय. खात्यानं त्यांना वायव्य हिमालयात पाठवलं. चौदा वर्षं ज्या डोंगरांच्या पायथ्याशी ते राहिले होते, तिकडंच.

नकाशे काढणं हे भूवैज्ञानिकाचं खरं काम. बाहेरून ते रुक्ष दिसतं. हिवाळ्याच्या तोंडाला तंबू, खेचरं आणि हमाल घेऊन निघायचं. एक नाळ चढायची, दुसरी उतरायची. प्रत्येक उघड्या कड्यापाशी थांबून खडकाचा तुकडा फोडायचा, भिंगातून बघायचा, थर कुठल्या दिशेला किती अंशांनी कलला आहे ते होकायंत्रानं मोजायचं आणि नकाशावर एक रेघ ओढायची. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात टिपणं उतरवायची. अशा हजारो रेघा जमल्या की डोंगराच्या पोटातला आकार दिसू लागतो. पूंछ संस्थान आणि लगतच्या पंजाबच्या भूशास्त्रावरचा वाडियांचा मोठा अहवाल 1928 मध्ये आला. मधल्या काळात रजा काढून ते युरोपात गेले, ब्रिटिश म्युझियममध्ये जीवाश्मांवर काम केलं आणि आल्प्सचे डोंगर पाहिले. मोठा पर्वत दुमडतो कसा, हे आल्प्सच्या अभ्यासकांनी चांगलं उलगडलं होतं. ती नजर घेऊन ते काश्मीरला परतले.

आता त्या मुरडीकडं येऊ. झेलम आणि किशनगंगेच्या मधल्या मुलखात खडकांचे थर आधी वायव्येला धावतात, मग एका टोकाशी आखडून उलट फिरतात आणि दक्षिणेला जातात. तेव्हाची एक समजूत अशी की इथं दोन वेगळ्या पर्वतरांगा, एक हिमालयाची आणि एक हिंदुकुशाकडची, येऊन भिडल्या आहेत. वाडियांनी रेघेला रेघ जोडत दाखवलं की रांग एकच आहे. वळणाच्या अलीकडं जे थर ज्या क्रमानं आहेत, तेच थर त्याच क्रमानं पलीकडंही आहेत. मग ती वळली का? त्यांचं उत्तर असं: भारतीय द्वीपकल्पाच्या जुन्या, कठीण कातळाची एक जीभ पंजाबच्या मैदानाखालून उत्तरेला पुढं घुसलेली आहे. उत्तरेच्या समुद्रात साठलेला मऊ गाळ दाबाखाली दक्षिणेला सरकत आला, तो त्या जिभेला अडला आणि तिच्या दोन्ही बाजूंनी लपेटला गेला. सुरतेच्या मार्केटात टेबलाच्या कोपऱ्यावर तागा सरकवला की कापडाच्या चुण्या कोपऱ्याभोवती वळतात, तसं. 1931 मध्ये सर्व्हेच्या रेकॉर्ड्समध्ये हा लेख छापून आला. भूशास्त्रज्ञ त्या वळणाला गुडघ्याची उपमा देतात. हिमालयाच्या पूर्व टोकाला, ब्रह्मपुत्रा जिथं नामचा बारवा शिखराला वळसा घालते, तिथंही असंच वळण आहे.

खंड सरकतात हे तेव्हा जगातल्या बहुसंख्य भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. भूपट्टांचा सिद्धान्त 1960 च्या दशकात उभा राहिला. भारताचा पट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर वेगानं उत्तरेला रेटतो आहे, हे मोजता आलं ते त्यानंतर. म्हणजे रेटा कुठून येतो हे पुरतं कळण्याआधी वाडियांनी रेट्याचा परिणाम नकाशावर बिनचूक उतरवला होता. कारणांचे सिद्धान्त बदलले, नकाशा टिकला. ज्या मुझफ्फराबादच्या परिसरात त्यांनी खडकांच्या नोंदी केल्या, तिथंच 8 ऑक्टोबर 2005 ला 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. 70,000 हून अधिक माणसं गेली, कित्येक शाळा भरल्या वेळी कोसळल्या. भूकंपानंतर जे शास्त्रज्ञ त्या भागात फिरले, त्यांना वळणाच्या त्याच नकाशापासून सुरुवात करावी लागली.

हिमालयाच्या कामाचा गाजावाजा झाला, तो रास्तच. पण खानदेशातल्या माणसासाठी 1935 साल जास्त जवळचं. त्या वर्षी वाडिया, एम. एस. कृष्णन आणि पी. एन. मुखर्जी यांनी भारतातल्या मातीचा भूशास्त्रीय पाया मांडला आणि तिचा नकाशा दिला. माती कुठल्या खडकातून झाली यावरून तिचे प्रकार लावायचे, असा तो विचार. काळी कापसाची जमीन बेसाल्टची, म्हणजे दख्खनच्या लाव्हाची, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ओतलेल्या. धुळे-नंदुरबारकडं त्या लाव्ह्याच्या भेगांत थिजलेल्या काळ्या दगडाच्या भिंती मैलोन्‌मैल शेतांतून सरळ गेलेल्या आहेत. बोअरवर भेटलेले ते शिंदखेड्याचे काका म्हणाले, लहानपणी त्यांना ते कोणी तरी घातलेले बांधच वाटायचे. त्या भिंती विहिरींचं पाणी अडवतात, कुठं वाढवतात, कुठं तोडतात. एकाच शिवारात एकाच्या विहिरीला पाणी आणि शेजाऱ्याची कोरडी, हे कोडं पुष्कळदा त्या भिंतीत असतं. पाणी गेलं की शेती जाते, शेती गेली की माणूस सुरतेची गाडी पकडतो. गोडादरा असा भरला.

हे शास्त्र शेतापर्यंत नेण्याचा एक ठळक प्रयत्न शिरपूर तालुक्यात झाला. सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांनी 2004 पासून तिथं नाले रुंद आणि खोल करून, ओळीनं बंधारे घालून पाणी मुरवण्याचं काम उभं केलं. त्यांच्या मांडणीचा पाया साधा होता: तालुक्याचा एक भाग तापीच्या गाळाचा, दुसरा बेसाल्टचा, आणि दोन्हींत पाणी मुरण्याची रीत वेगळी, तेव्हा उपायही वेगळा. शिरपूर पॅटर्न म्हणून तो राज्यभर गाजला. नाले सरसकट खोल करण्यावर भूजलाच्या जाणकारांनी आक्षेपही घेतले आणि मला त्यांत तथ्य वाटतं, कारण शिरपूरचा खडक प्रत्येक तालुक्यात नसतो. पण जमिनीखाली काय आहे ते आधी बघा, हा त्यातला आग्रह वाडियांच्या परंपरेतलाच आहे. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर-यावलकडं जाड गोट्यांचा जो बझाडा पट्टा आहे, तिथं पावसाचं पाणी प्रचंड मुरू शकतं. केळीच्या बागा बोअरवर चालवून पाण्याची पातळी खाली गेली असताना त्या पट्ट्याकडं बघायला हवं, हे तिथले जाणते शेतकरी आता स्वतः बोलतात.

1938 मध्ये वाडिया सर्व्हेतून निवृत्त झाले. खात्याचं सर्वोच्च पद त्यांना मिळालं नाही. पहिले भारतीय संचालक 1951 मध्ये कृष्णन झाले, मातीच्या नकाशातले त्यांचे सहकारी. निवृत्तीनंतर त्यांनी सिलोनमध्ये सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून काम केलं. 1943 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं लायल पदक मिळालं. मग दिल्लीला बोलावणं आलं. खनिज धोरण, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सची उभारणी, आणि 1949 पासून अणुऊर्जेच्या कच्च्या मालाचा विभाग. देशात युरेनियम आणि थोरियम कुठं आहे ते शोधणारं खातं त्यांनी शून्यातून बांधलं. 1951 मध्ये जादुगुड्याचा साठा सापडला. पुढं तिथल्या खाणींबद्दल आदिवासींनी आरोग्याचे प्रश्न उभे केले, तेही या गोष्टीचा भाग आहेत आणि ते झाकून वाडियांचा गौरव करण्यात अर्थ नाही. 1957 मध्ये रॉयल सोसायटी, 1958 मध्ये पद्मभूषण, 1963 मध्ये भूशास्त्राचे पहिले राष्ट्रीय प्राध्यापक. 1964 च्या डिसेंबरात दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद भरली, आशियात पहिल्यांदाच, तेव्हा अध्यक्षस्थानी ऐंशी ओलांडलेले वाडिया होते.

या वयातही एक गोष्ट त्यांना खटकत होती. हिमालयाचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था या देशात नव्हती. त्यांनी ती मागणी लावून धरली. 1968 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात लहानशा जागेत संस्था सुरू झाली. 15 जून 1969 ला वाडिया गेले. अखेरपर्यंत ते कामावर होते. 1976 मध्ये संस्था देहरादूनला हलली आणि तिला त्यांचं नाव दिलं गेलं. दरडी, हिमनद्या, भूकंप यांवर आज तिथं जे काम चालतं, त्याची गरज उत्तराखंडात दर पावसाळ्यात पुन्हा सिद्ध होते.

आमच्या शेजारची थोरली मुलगी दिवाळीत गावाहून आली की पिशवीत गारगोट्या घेऊन येते. विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या, आत स्फटिक चमकणाऱ्या. या वेळी तिनं विचारलं की दगडांचं शिकायचं असेल तर कुठं जायचं. तिच्या आईला वाटलं पोरगी चेष्टा करते आहे. मी दोघींना बसवून सांगितलं. बारावी सायन्स कर. बडोदा कॉलेजातून पुढं महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, तिथं भूशास्त्राचा विभाग आहे, सुरतेहून गाडीनं अडीच-तीन तास. महाराष्ट्रातही पुष्कळ कॉलेजांत बी.एस्सी.ला हा विषय मिळतो. त्यानंतर एम.एस्सी., आणि मग लोकसेवा आयोगाची जिओ-सायंटिस्टची परीक्षा, जिच्यातून सर्व्हेत भरती होते. वयाची अट 32. वाडिया सर्व्हेत गेले तेव्हा अडतीस वर्षांचे होते, पण तुला तेवढी वाट बघायची गरज नाही, म्हटलं.

आईनं विचारलं, "मुलींना डोंगरात पाठवतात का?"

पाठवतात. सर्व्हेतल्या बायका आज हिमालयात नकाशे काढतात. आईनं मान डोलावली, पण चेहरा अजून विचारात होता. बडोद्याला होस्टेलचा खर्च किती येतो ते कळवायला तिनं मला सांगितलं आहे, आणि दाराशांचं ते पुस्तक मराठीत मिळतं का, हेही बघायला.